मंत्रिमंडळानं मंजूर केलं, म्हणजे नेमकं काय?



टीव्हीवर बातमी येते, 'केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी'. दोन दिवसांत गावात कुणीतरी फॉर्म घेऊन येतो, "योजना आली, दोनशे रुपये द्या" म्हणतो, आणि आपण पदराची गाठ सोडतो. बचत गटांच्या बैठकांत आम्हाला हे वारंवार ऐकायला मिळतं. म्हणून आज दिल्लीच्या मंत्रिमंडळाबद्दल बोलू.

दोन शब्द आधी वेगळे करू. केंद्रातले सगळे मंत्री मिळून होते ती मंत्रिपरिषद. त्यातले वरच्या दर्जाचे, म्हणजे कॅबिनेट मंत्री आणि पंतप्रधान एकत्र बसून मोठे निर्णय घेतात, ते मंत्रिमंडळ. ९ जून २०२४ रोजी पंतप्रधानांसोबत ७१ मंत्र्यांनी शपथ घेतली. त्यांत कॅबिनेट मंत्री ३० होते, बाकीचे राज्यमंत्री. राज्यमंत्री म्हणजे राज्याचा मंत्री नव्हे बरं का. तोही केंद्राचाच, पण मंत्रिमंडळाच्या बैठकीला तो बोलावलं तरच जातो. मंत्री किती असावेत यालाही मर्यादा आहे. २००३ च्या घटनादुरुस्तीनं ठरलं, की पंतप्रधान धरून लोकसभेच्या एकूण जागांच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. ५४३ जागांना ८१ मंत्री, त्याच्या वर नाही.

आपल्या गटाचे अध्यक्ष-सचिव सगळ्या जणी मिळून निवडतात. मंत्री मात्र पंतप्रधान निवडतात आणि राष्ट्रपती नेमतात. "शिवराज पाटील चाकूरकर २००४ ला लातुरात हरले, तरी देशाचे गृहमंत्री कसे झाले?" असं आम्हाला अजून विचारलं जातं. नियम असा आहे, की मंत्री झालेल्यानं सहा महिन्यांत लोकसभा किंवा राज्यसभा, कोणत्याही एका सभागृहाचं सदस्य व्हावं लागतं. ते राज्यसभेवर गेले. पुढे २००८ ला मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा जबाबदारी स्वीकारून ३० नोव्हेंबरला त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या आधी नांदेडचे शंकरराव चव्हाण यांनीही गृह आणि अर्थ ही दोन्ही खाती सांभाळली.

राजीनामा एकाचा असतो, पण निर्णयाची जबाबदारी सगळ्यांची असते. गटाच्या बैठकीत आपण कितीही भांडलो, तरी ठराव रजिस्टरात लिहिला की तो सगळ्यांचा. तसंच तिथं. निर्णय पटला नाही तर मंत्र्यानं गप्प राहावं, नाहीतर पद सोडावं. आणि हे सगळे मिळून लोकसभेला जबाबदार असतात. तिथं बहुमत गेलं की पूर्ण सरकार जातं. १९९९ ला वाजपेयींचं सरकार अवघ्या एका मतानं पडलं होतं.

आता मूळ प्रश्न. मंजुरी मिळाली म्हणजे पैसे निघाले का? नाही. कायदा करायचा असेल तर तो संसदेत मंजूर व्हावा लागतो. पैसा लागणार असेल तर अंदाजपत्रकात तरतूद लागते. मग खातं नियम काढतं, राज्याकडे येतं, तिथून जिल्हा, तालुका, बँक. आपलंच बघा. राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान जून २०११ मध्ये सुरू झालं, तेव्हा केंद्रात ग्रामविकास मंत्री होते आपल्या लातूरचे विलासराव देशमुख. महाराष्ट्रात ते 'उमेद' या नावानं आलं. आज गटाला बँकेचं कर्ज मिळतं, त्याच्या मागे हा एवढा रस्ता आहे.

म्हणून कुणी फॉर्म आणला तर आधी तीन प्रश्न विचारा: शासनाचं पत्र कुठंय? अर्ज कोणत्या कार्यालयात द्यायचा? पैसे घेतले तर पावती कुणाची? उत्तर मिळेपर्यंत ना पैसे द्यायचे, ना आधारची झेरॉक्स, ना कोऱ्या कागदावर अंगठा. पंचायत समितीत किंवा बँकेत जाऊन खात्री करा. एकटीनं जाऊ नका, गटातल्या दोघी-तिघी जा.

आणखी एक मोजणी. २०२४ च्या त्या ७१ मंत्र्यांत बाया सात, आणि कॅबिनेटच्या तिसात फक्त दोन. हदगावच्या सूर्यकांता पाटील २००४ ते २००९ ग्रामविकास खात्यात राज्यमंत्री होत्या. रोजगार हमीचा २००५ चा देशाचा कायदा झाला तो याच काळात, याच खात्यातून. म्हणजे आपल्या भागातली बाई दिल्लीपर्यंत पोचू शकते. पण मोठ्या टेबलाभोवतीच्या खुर्च्यांत आपल्या अजून कमी आहेत.

मंत्री आपण थेट निवडत नाही, पण खासदार निवडतो, आणि मंत्रिमंडळाला प्रश्न विचारायचा हक्क खासदाराला आहे. तेव्हा खासदार गावात आले की हार घालून परत येऊ नका. अडलेल्या कामाचा अर्ज लिहून द्या, पोच घ्या आणि ती गटाच्या फाइलला लावा.

या आठवड्याच्या बैठकीत हा विषय जरूर काढा.