आपला पाइप, काकूंचं छत

आज कोडिंग नाही, करिअर नाही. आज बोलायचंय गळक्या पाइपबद्दल.

गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. "अरे, तुमच्या बाथरूमचं पाणी आमच्याकडे टपकतंय. बादली लावलीय, पण एकदा येऊन बघ." मी म्हटलं, शनिवारी येतो. आणि गेलोच नाही. आमच्याकडे तर सगळं कोरडं होतं ना!

जुन्या इमारतींत वरच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप आणि त्याचा पाइप बऱ्याचदा स्लॅबच्या खाली असतो. म्हणजे पाइप आपला, पण राहतो काकूंच्या घरात. आठवड्याने गेलो, तर त्यांच्या छताला पोपडे आले होते. काकू काही बोलल्या नाहीत. भरलेली बादली ओतली आणि परत जागेवर ठेवली. मला जाम लाज वाटली.

पाइप बिडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा. घाईघाईत मी थेंब पडत होता तिथेच, ओल्या गंजावर एमसील थापलं. दोन दिवसांत ते खपलीसारखं सुटून आलं. इथे दोन चुका झाल्या. एक, ओल्या आणि गंजलेल्या पृष्ठभागाला पुट्टी धरत नाही. दोन, पाणी पाइपच्या पोटावरून घरंगळत येतं. थेंब पडतो एकीकडे, भोक असतं दुसरीकडे.

मग नीट डीबगिंग केलं. वरून नीळ घातलेलं पाणी सोडलं आणि खाली पाइपवर टिश्यू पेपर फिरवला. टिश्यू निळा झाला तो थेंबापासून वीतभर लांब, जोडाच्या शेजारी. हे जुने जोड ताग ठासून, वर वितळलेलं शिसं ओतून करायचे. जोड ठीक होता. बाजूला गंजाने भोक पाडलं होतं.

पुट्टी लावण्याआधी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर धातू शाबूत आहे. भद्द आवाज आला, टोक आत रुतलं, तर पुट्टी विसरा आणि प्लंबर बोलवा. हातोडा मात्र नको, बीड ठिसूळ असतं. आणि संडासचा पाइप असेल तर सरळ प्लंबरच.

माझा पाइप शाबूत होता. बाथरूम बंद ठेवलं, पाइप पूर्ण वाळू दिला. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासला. हातमोजे घालून पुट्टीचे दोन्ही भाग एकच रंग येईपर्यंत मळले, भोकात दाबले, आजूबाजूलाही दोन बोटं पसरवले. २४ तास पाण्याचा थेंब नाही. सांडपाण्याच्या पाइपमध्ये नळासारखा दाब नसतो, म्हणून हे टिकतं.

टिकतं, पण कायमचं नाही. एका ठिकाणी भोक पडलं म्हणजे बाकीचा पाइपही म्हातारा झालाय. आपण ऑफिसात हॉटफिक्स टाकतो आणि लगेच टिकेट बंद करतो. या वेळी मी काकूंना स्पष्ट सांगितलं, "काकू, हे तात्पुरतं आहे. पुढच्या महिन्यात तेवढा तुकडा बदलून पीव्हीसी टाकतो. छताचा रंगही माझ्याकडे."

काकू म्हणाल्या, "बरं. बादली तोवर इथेच ठेवते."

अजून पूर्ण विश्वास नाहीये. बरोबरच आहे त्यांचं.

तुम्हाला खालून फोन आला, तर त्याच दिवशी खाली जा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!