परिचर्या की फिजिओथेरपी?

(सुवर्णमहोत्सवानिमित्त वडोदरा येथे भरलेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात विद्यार्थी-साहाय्य समितीच्या वतीने केलेले भाषण)



आज सकाळपासून आपल्या न्यासाविषयी पुष्कळ गोड बोलणे झाले. आमच्याकडे विद्यार्थ्यांच्या कर्जाऊ शिष्यवृत्तीचे काम असल्यामुळे आम्हांला थोडे हिशेबाचे बोलावे लागणार, आणि त्यात आमची एक चूकही सांगावी लागणार. पंगतीची वेळ जवळ आली आहे हे आम्ही जाणतो, तेव्हा फार लांबण लावीत नाही.

बारावीचे निकाल लागले की दांडिया बाजारातल्या आपल्या कार्यालयात पालकांची ये-जा सुरू होते. ज्यांच्या मुलांची मेडिकलची जागा हुकली, त्यांचा प्रश्न बहुधा एकच : फिजिओथेरपीला घालावे की नर्सिंगला? खरे म्हणजे उत्तर त्यांनी घरीच ठरविलेले असते. नर्सिंगचे नाव घेताना आवाज खाली येतो. ‘आमच्या घरात हे कोणी केलेलं नाही हो,’ असे एक काकू आम्हांला म्हणाल्या. फिजिओथेरपीही त्यांच्या घरात कोणी केलेली नव्हती. पण ते त्यांच्या ध्यानात आले नाही, आणि आम्हीही बोललो नाही.

काकूंना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही. काही वर्षांपूर्वी एका मुलीने नर्सिंगच्या शिक्षणासाठी आपल्याकडे अर्ज केला होता. गुण उत्तम. ‘एवढी हुशार मुलगी बेडपॅन उचलायला कशाला?’ हे वाक्य समितीतल्याच एकाने उच्चारले आणि बाकीच्यांनी ते चालू दिले. आम्ही तिच्या वडिलांना बोलावले, समजूत घातली, आणि फिजिओथेरपीसाठी जास्त रक्कम मंजूर केली. मुलगी शिकली, उत्तीर्ण झाली, आज नोकरीला आहे. कर्जाचा शेवटचा हप्ता भरावयास ती आली तेव्हा आम्ही अभिमानाने विचारले, काम कसे चालले आहे? तिने तक्रार केली नाही. एवढेच म्हणाली, ‘काका, संध्याकाळी सहाला मी घरी जाते. पेशंटचं रात्री काय झालं, ते मला दुसऱ्या दिवशी सिस्टरकडून कळतं.’

हे बोलणे आम्हांला पुरते उमगले ते पुढे आमच्याच घरी आजारपण आल्यावर. आमच्या वडीलबंधूंना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पहिल्या काही रात्री आम्ही त्यांच्या उशाशी होतो. रात्रपाळीची सिस्टर दर दोन तासांनी येऊन त्यांना कुशीवर वळवीत असे, कारण एकाच अंगावर पडून राहिले की पाठीला, टाचांना जखमा होतात. आम्ही प्रेमाने चमच्याने पाणी पाजावयास गेलो, तर तिने हात धरला. गिळण्याची तपासणी झाल्याखेरीज पाणी द्यावयाचे नाही. ते श्वासनलिकेत उतरले तर न्यूमोनिया होतो. लघवी मोजणे, रक्तदाब लिहिणे, डोळ्यांच्या बाहुल्या पाहणे, आणि पहाटे तीन वाजता ‘आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना बोलवा’ हे ठरविणे, ही सारी तिची कामे. बेडपॅन त्यात होतेच. पण ते त्या कामाचे सर्वांत सोपे अंग होते, हे आम्ही त्या रात्री पाहिले.

प्रकृती स्थिर झाल्यावर फिजिओथेरपिस्ट मुलगी येऊ लागली. तिने प्रथम आम्हां घरच्यांनाच शिकविले की लुळा हात धरून माणसाला ओढून उठवू नका, खांदा निखळतो. मग त्यांना खाटेच्या कडेला बसविणे, तोल सांभाळणे, उभे करणे, एक पाऊल टाकविणे. यात आठवडे गेले. दादा रडत, चिडत, डाव्या हाताने तिला ढकलून देत. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. तिच्या विद्येचे गुण यावयाचे ते रोग्याच्या कष्टातून. रोगी उठायला तयार नसेल तर सगळे ज्ञान तसेच पडून राहते. अशा माणसाला तयार करण्याची चिकाटी ज्याच्यापाशी आहे, त्याने खुशाल हा मार्ग धरावा. नावामागे डॉक्टर लागेल या आशेने मात्र धरू नये. त्या उपाधीवरून बरेच वाद झाले आहेत.

या दोन विद्या एकमेकींना परक्या नाहीत. 1894 साली लंडनमध्ये चार परिचारिकांनी मालिशचे शिक्षण घेतलेल्या स्त्रियांची एक संस्था काढली. त्या काळी मालिशच्या नावाखाली भलतेच धंदे चालत, आणि आपल्या कामाची अब्रू राखणे हा त्यांचा हेतू होता. तिथल्या फिजिओथेरपीच्या आजच्या संस्थेचे मूळ तेच. आपल्याकडे 1953 साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे विद्यालय निघाले. पोलिओने पंगू झालेली मुले त्या वेळी पुढ्यात होती. तो पोलिओ देशातून गेला, 2014 साली तसे प्रमाणपत्रही मिळाले. पण अर्धांगवायू, गुडघे, कंबर आणि अपघात यांनी या विद्येला रिकामे बसू दिलेले नाही. परिचर्येचे म्हणाल तर रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने, 1909 नंतरच्या काळात, घरंदाज पण निराधार स्त्रियांना ससून रुग्णालयात शिकावयास पाठविले तेव्हा केवढी टीका झाली! परक्या माणसाच्या शरीराला हात लावावयाचा, हा दोन्हीकडचा आक्षेप एकच होता. फिजिओथेरपीला आपण तो माफ केला. परिचर्येच्या कपाळी मात्र तो अजून आहे, आणि मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली की रात्रपाळीच्या रूपाने पुढे येतो.

आता हिशेब. फिजिओथेरपीची पदवी साडेचार-पाच वर्षांची, आणि शास्त्र शाखेतले जीवशास्त्र हवेच. सरकारी जागा मोजक्या. खासगी महाविद्यालयाची फी सामान्य घराला जड जाते. सुरुवातीचा पगार बेताचा, आणि स्वतःचे क्लिनिक काढावयाचे तर जागा, यंत्रे व नाव होईपर्यंतची वर्षे हाताशी हवीत. नर्सिंगची पदवी चार वर्षांची, जी. एन. एम. तीन वर्षांचे, आणि त्याला कला-वाणिज्यवालेही जाऊ शकतात. सरकारी जाहिराती नर्सिंगच्या अधिक निघतात, आणि परदेशाची वाटही त्यातल्या त्यात रुळलेली आहे. उलट बाजू सांगितली नाही तर ती फसवणूक होईल : एका सिस्टरवर झेपणार नाहीत इतक्या खाटा असतात, पाठ धरते, सणवार वॉर्डात जातात, आणि लहान खासगी रुग्णालयांत शिकलेल्या मुलींनाही तुटपुंज्या पगारावर राबविले जाते. हे सारे मुलीला आधी सांगा आणि मग तिला ठरवू द्या. मुलांनाही सांगा, आपल्या समाजातला एक मुलगा आज नर्सिंग ऑफिसर आहे आणि त्याची आई नातेवाइकांत ‘हॉस्पिटलात असतो’ एवढेच सांगते.

समितीने यंदापासून दोन्ही शिक्षणांस सारख्याच अटींवर कर्ज द्यावयाचे ठरविले आहे. निवड बदलण्यासाठी कोणाच्या वडिलांना आम्ही आता बोलावणार नाही. अर्जदाराने मात्र अर्ज करण्यापूर्वी एक दिवस वॉर्डात आणि एक दिवस फिजिओथेरपी विभागात काढावा, अशी आमची विनंती आहे. परवानगीच्या पत्रव्यवहाराचे काम आम्ही करू. छापील अर्जात एक नवा रकानाही घातला आहे : आजारी माणसाजवळ आपण कधी रात्र काढली आहे काय? पहिल्या आलेल्या अर्जात त्यापुढे ‘आजी, अकरा रात्री’ असे लिहिले आहे. निवड कोणती, हा रकाना तिने अजून कोरा ठेवला आहे. येत्या रविवारी ती भेटावयास येणार आहे.