शिवणीत माया ठेवा

(आकाशवाणीवरील भाषण)

ज्यांच्या घरात आठ ते चौदा वर्षांची मुलगी आहे, त्या आया, आज्या आणि बाबांशी मला आज मुख्यतः बोलायचं आहे. हातातलं काम चालू ठेवा, कान मात्र इकडे असू द्या.

मी तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं. पहिल्याच तासाला सांगायची : वाढत्या अंगाच्या मुलीचा फ्रॉक शिवताना शिवणीत माया ठेवा. टिपेच्या बाहेर दोन बोटं कापड राहू द्या, खाली घेराला रुंद दाब द्या. मुलगी वाढली की टीप उसवायची, दाब सोडायचा. तोच फ्रॉक पुढच्या वर्षीही अंगाला येतो. त्या जास्तीच्या कापडाला आपल्या बायकांनी ‘माया’ म्हटलं, ते उगाच नाही.

गेल्या दिवाळीत नातीला घेऊन औरंगपुऱ्याच्या बाजारात कपडे घ्यायला गेले. नात चौथीत. दुकानदारानं ड्रेस काढला तो मोठ्या बाईचाच, फक्त लहान मापाचा. गळा खोल, कंबर आवळलेली. म्हणाला, “मावशी, सध्या हेच चालतं. रील्समध्ये बघा ना.” मी सवयीनं ड्रेस उलटा केला. ओव्हरलॉक मारून कापड शिवणीलगत छाटलेलं. उसवायला जागाच नाही! मान वर केली तर नात आरशासमोर पोट आत ओढून उभी. “आजी, माझं पोट दिसतंय.” नऊ वर्षांची पोर हो! ज्या वयात पोट भरलं की नाही एवढंच कळावं, त्या वयात ती पोट लपवत होती.

घरात तिला असं कुणी बोललेलं नाही. ते आलं हातातल्या मोबाइलमधून. तो पडदा रोज मुलींच्या मनाला असाच बिनमायेचा ड्रेस शिवतो आहे : रंग असा हवा, कंबर एवढी हवी, ओठ असे हवेत. पोरगी मग स्वतःलाच त्या मापात कोंबायला बघते. फिल्टर लावला की गाल गुळगुळीत, नाक सरळ. फिल्टर काढला की स्वतःचाच चेहरा परका.

हे एकट्या माझ्या नातीचं नाही. फिजी बेटांच्या एका भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. तिथे अंगानं भरलेली बाई म्हणजे चांगल्या घरची, अशी जुनी समजूत. तीनच वर्षांनी संशोधकांनी पाहिलं, तर काही शाळकरी मुली बारीक होण्यासाठी खाल्लेलं ओकून टाकू लागल्या होत्या. २०२१ मध्ये फेसबुक कंपनीची आतली कागदपत्रं बाहेर आली. त्यांनुसार, आपल्या शरीराबद्दल वाईट वाटणाऱ्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के जणींनी सांगितलं होतं की, इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाईट वाटतं. म्हणजे कंपनीला हे ठाऊक होतं.

आपल्याकडे तर ‘फेअर अँड लव्हली’ ही गोरं होण्याची क्रीम १९७५ पासून घराघरांत. नावातलं ‘फेअर’ जायला २०२० उजाडलं. आणि आपल्या दारात काय आहे? अजिंठा! सतराव्या लेण्यात हातात आरसा घेतलेली राजकन्या आहे, पहिल्या लेण्यात सावळी राजकन्या. दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकारानं सावळा रंग लपवला नाही, उजळवला नाही. मन लावून रंगवला. शाळेच्या सहलीत मी मुलींना त्या सावळ्या राजकन्येपुढे मुद्दाम उभं करायची. एकदा एक सावळी मुलगी कितीतरी वेळ तिथून हललीच नाही. मुलीला तिथे घेऊन जा. आरसा बघायचाच तर सतराव्या लेण्यातल्या राजकन्येसारखा, निवांत बघू दे.

आता दुसरी बाजू, आणि ही नीट ऐका. हल्ली मुली लवकर वयात येतात, त्याचा सगळा दोष मोबाइलवर टाकू नका. अंगाची वाढ आहार, वजन, आनुवंशिकता यांवर ठरते. लॉकडाउनच्या काळात इटलीतल्या आणि आपल्या पुण्यातल्याही डॉक्टरांना फार लवकर वयात येणाऱ्या मुली जास्त दिसल्या. घरात बसून राहणं, वाढलेलं वजन अशा कारणांकडे तेव्हा बोट दाखवलं गेलं. आठ वर्षांच्या आत अशी लक्षणं दिसली, तर लाजू नका, मुलीला डॉक्टरांकडे न्या. पण अंग लवकर वाढलं म्हणून मन वाढत नाही. अकरा वर्षांच्या मुलीला पाळी आली, तरी ती अकरा वर्षांचीच असते. पडदा तिला बाईसारखं नटवतो, आणि आपण म्हणतो, “आता मोठी झालीस!” दोघं मिळून तिची माया छाटतो.

मुलीला असं अकाली मोठं ठरवणं आपल्या मराठवाड्यात फार महागात पडतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या ज्या स्त्रिया होत्या, त्यांतल्या अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के. परभणीत मात्र ४८, बीडमध्ये जवळजवळ ४४. त्यामागे गरिबी आहे, ऊसतोडीची भटकंती आहे, मुलीच्या सुरक्षिततेची काळजी आहे. त्यात आता नवं निमित्त मिळालं : “पोरगी मोबाइलवर काहीबाही करते, नाव जायच्या आत उरकून टाका.” पोरीनं एक नाचाचा व्हिडिओ टाकला, म्हणून तिची शाळा सुटावी? चूक वाटली तर समजावा, रागवा. लग्न ही शिक्षा नव्हे. शेजारी असं लग्न ठरत असेल, तर मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ क्रमांकावर फोन करा.

मुलग्यांबद्दल बोलायचं होतं. तेही हेच पडदे बघतात आणि वर्गातल्या मुलींना त्याच मापानं... पण समोरून वेळ संपत आल्याची खूण झाली आहे, तेव्हा ते राहू द्या.

माझं सांगणं एवढंच, आणि पुन्हा सांगते : माया ठेवा. इन्स्टाग्रामवर खातं काढायला कंपनीच्याच नियमानं १३ वर्षं लागतात. वय खोटं टाकून तुम्ही ते उघडून देऊ नका. मुलगी शाळेतून आली की “किती काळवंडलीस”, “किती सुटलीस” हे पहिलं वाक्य नको. आज काय खेळलीस, कुणाशी भांडलीस, ते विचारा. मावशी-आत्याच्या तोंडीही तिच्या रंगाची, वजनाची चर्चा येऊ देऊ नका. आली तर तिथल्या तिथे थांबवा, मुलीच्या समोर थांबवा. तुम्ही तिच्या बाजूनं बोललात, हे तिच्या कानावर पडलं पाहिजे.

मुलगी अजून वाढते आहे. तिला उसवायला जागा ठेवा.