२३५ जागांचा अर्थ
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



सत्तारूढ पक्ष निवडणूक हरला की कारणमीमांसा करण्यास दहा विद्वान पुढे सरसावतात. तोच पक्ष सातव्यांदा जिंकला तर मात्र कारणे विचारण्याची गरज कोणालाच भासत नाही. अशाच एका विजयाविषयी, पश्चिम बंगालच्या २००६ सालच्या विधानसभा निवडणुकीविषयी, मी बोलणार आहे.

२९४ पैकी २३५ जागा डाव्या आघाडीला मिळाल्या, त्या दिवशी मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवीत होतो आणि विभागात पेढे वाटले होते, हे आज कबूल केलेच पाहिजे. कम्युनिस्टांशी आपले मतभेद जुने आहेत. परंतु १९७७ पासून सतत निवडून येणारे ते सरकार केवळ दंडेलीवर टिकले असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्याचा पाया जमिनीत होता. बर्गादार म्हणजे आपल्याकडचा अर्धेलीने जमीन कसणारा माणूस. १९७८ मध्ये सुरू झालेल्या ‘ऑपरेशन बर्गा’त महसुली अधिकारी जमीनमालकाच्या ओसरीवर न बसता गावात सायंकाळी सभा घेत व सर्वांसमक्ष नोंदी करीत. कालांतराने १४ लाखांवर बर्गादारांची नावे कागदावर चढली. जमीन कोणाची, याइतकेच ती कसतो कोण याला महत्त्व आहे, हे तत्त्व एका राज्यसरकारने व्यवहारात आणले. आपल्याकडे १९४८ चा कूळकायदा झाल्यावर किती कुळांकडून ‘राजीखुशीने’ जमिनी सोडवून घेतल्या गेल्या, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या कामाचे मोल सांगावयास नको.

पण २३५ हा आकडा फसवा होता. आघाडीला मते पडली होती सुमारे निम्मी, आणि जागा मात्र ८० टक्के. म्हणजे जवळजवळ दर दुसरा मतदार विरोधात होता, तो विधानसभेत दिसत नव्हता एवढेच. आम्ही २३५ आणि ते ३०, असा हिशेब खुद्द मुख्यमंत्री बुद्धदेव भट्टाचार्य यांनी बोलून दाखविला. शिवाय २००३ च्या पंचायत निवडणुकीत हजारो जागा बिनविरोध झाल्या होत्या. ज्या बाजारात एकच दुकान उरते तेथे गिऱ्हाइकाचे मन दुकानदाराला कळेनासे होते. गाऱ्हाणे पक्षाच्या स्थानिक समितीकडेच न्यायचे आणि गाऱ्हाणे समितीविरुद्धच असेल तर गिळून टाकायचे, अशी स्थिती आली की वरच्या नेत्याला खालून फक्त होकारच ऐकू येतो.

१८ मे २००६ रोजी नव्या सरकारचा शपथविधी झाला, आणि त्याच दिवशी सिंगूरच्या मोटार कारखान्याची घोषणा. उद्योग नकोत असे मी म्हणत नाही. बंगालच्या तरुणाला काम हवेच होते. पण ९९७ एकर जमीन घेतली गेली ती १८९४ च्या, साहेबाच्या कायद्याने. मोबदला मालकाला, नोंद झालेल्या बर्गादाराला त्याचा चौथा हिस्सा, नोंद नसलेल्याला आणि मजुराला काहीच नाही. ज्या सरकारने कसणाऱ्याला मालकाच्या बरोबरीने उभे केले, त्यानेच हे दरपत्रक काढले! पुढच्या वर्षी, १४ मार्च २००७ रोजी, नंदीग्रामात गोळीबार होऊन १४ माणसे मेली. २००८ च्या पंचायत निवडणुकीत पूर्व मेदिनीपूर व दक्षिण २४ परगणा या जिल्हा परिषदा गेल्या. तरीही पक्षाला जाग आली नाही.

२०११ मध्ये आघाडीच्या जागा ६२ वर आल्या आणि मुख्यमंत्री स्वतःच्या जादवपूर मतदारसंघात पडले. मते मात्र ४१ टक्क्यांच्या आसपास होतीच. ज्या निवडणूक पद्धतीने पूर्वी फुगविले तिनेच आता आटविले. सत्तेवर आलेल्या तृणमूलने काय शिकावे? २०१८ च्या पंचायत निवडणुकीत सुमारे ३४ टक्के जागा बिनविरोध.

सिंगूरचे भूसंपादन सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१६ रोजी रद्द ठरविले आणि जमिनी परत देण्याचा आदेश दिला. काँक्रीट फोडून शेते मोकळी करण्यात आली. ज्या मजुराचे नाव कोणत्याच कागदावर नव्हते, त्याला परत देण्यासारखे कोणाकडे काही नव्हते.