रॅकेट, गटिंग आणि कोपर
(मंडळाच्या मासिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचं लेखी रूप)



आपल्या चिटणीसांनी मला फोन केला तेव्हा त्यांच्या मनात 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं' असा काहीतरी भारदस्त विषय होता. मी संगणक अभियंता, पोटापाण्यासाठी आय.टी. सल्लागार, तेव्हा त्यांची अपेक्षा रास्तच होती. पण आठवडाभर जे करतो त्यावरच शनिवारी संध्याकाळी बोलायचं, म्हणजे हलवायाने घरी येऊन पुन्हा जिलब्या तळण्यासारखं झालं. म्हणून मी टेनिसची रॅकेट हा विषय मागून घेतला. वहिनीमंडळींनी लगेच मोबाईल काढू नयेत, हे तुमच्याही कामाचं आहे.

'टेनिस एल्बो' हा शब्द आपल्या घराघरांत पोचला २००४ साली, आणि तोही क्रिकेटमुळे. सचिनच्या कोपराला ते दुखणं जडलं, आणि ज्यांनी जन्मात टेनिस पाहिलं नव्हतं त्या आज्यासुद्धा त्यावर तेल आणि शेक सुचवू लागल्या. २००५ मध्ये लंडनला त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्याची बॅट किती वजनदार आहे याची चर्चा तेव्हा पानाच्या गादीवरही चालायची. आज या सभागृहात निदान तिघांच्या कोपराला तेच दुखणं आहे, आणि त्यांच्या नावावर शतक एकही नाही! आपला शनिवारचा टेनिसचा गट चांगला चौदा-पंधरा जणांचा होता, तो या ड्रायमध्ये नऊवर आला. एका वहिनींना कणीक मळताना कळ येते. एका काकांना चहाची किटली उचलवत नाही, ते ती डाव्या हाताने उचलतात आणि अर्धा चहा बशीत पडतो. डॉक्टर, फिजिओ सगळं झालं, ते त्यांचं काम. मी बोलणार आहे ते हातातल्या वस्तूबद्दल, कारण त्यात बदल करता येतो आणि तो फार महागही नाही.

आपण बहुतेक जण टेनिसकडे बॅडमिंटनमधून आलो. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत, गच्चीवर, गल्लीत दोरी बांधून. आपले सांगलीचे नंदू नाटेकर लहानपणी टेनिस खेळायचे, पुढे बॅडमिंटनकडे वळले आणि १९६१ मध्ये अर्जुन पुरस्काराच्या पहिल्या मानकऱ्यांत गेले. त्यांचे चिरंजीव गौरव पुन्हा टेनिसकडे आले आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेसबरोबर दुहेरीचं सुवर्ण घेऊन आले. त्या घराण्याला दोन्ही खेळ झेपले. आपल्याला ते झेपत नाहीत त्याचं कारण आकड्यांत आहे. बॅडमिंटनची रॅकेट साधारण ८० ते ९० ग्रॅम, फूल पाच ग्रॅमच्या आसपास. टेनिसची रॅकेट गटिंगसकट तीनशेच्या वर, आणि चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅम. म्हणजे समोरून येणारी वस्तू अकरापट जड, आणि आपण तिला फुलासारखी मनगटाने उडवायला जातो! बॅकहँड तर हमखास. मनगट मागे खेचणाऱ्या स्नायूंचं टोक कोपराच्या बाहेरच्या हाडाला चिकटलेलं असतं, सगळा हिसका तिथे पोचतो.

आता रॅकेट. लाकडी रॅकेट तुमच्यापैकी ज्येष्ठांनी पाहिली असेल, चारी कोपऱ्यांना स्क्रू असलेल्या चौकटीत अडकवून ठेवायची, नाहीतर पावसाळ्यात वाकायची. तिचं तोंड जेमतेम ६५-७० चौरस इंच. अमेरिकेत हॉवर्ड हेड नावाचे अभियंते होते, धातूच्या स्की करून नाव कमावलेले. उतारवयात टेनिस शिकायला लागले आणि चेंडू काही मधोमध बसेना. दुसऱ्या कुणी शिकवणी लावली असती, यांनी रॅकेटच रुंद केली. १९७६ मध्ये प्रिन्स कंपनीची ११० चौरस इंची रॅकेट बाजारात आली. लोक आधी हसले. पण फ्रेम रुंद असली की चेंडू कडेला लागला तरी ती हातात कमी पिळवटते, हे साधं यंत्रशास्त्र आहे. पुढे लाकूड गेलं, ग्रॅफाइट आलं, आणि आज बहुतेक हौशी खेळाडू १०० चौरस इंचांच्या आसपास असतात. खुद्द फेडररनेही २०१४ मध्ये आपली ९० इंची सोडून ९७ इंची घेतली. तेव्हा मोठं तोंड म्हणजे 'बायका-मुलांची रॅकेट' असं जे आपल्यात एक-दोघं म्हणतात, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुकानात गेलं की सगळ्यांत आधी वजन बघितलं जातं. खरं तर ते अर्धंच उत्तर. हातोडी दांड्याकडून धरा आणि मग डोक्याकडून धरून हलवा, वजन तेच, पण फिरवायला केवढा फरक! याला स्विंगवेट म्हणतात. मुठीच्या टोकापासून १० सेंटिमीटरवरचा बिंदू धरायचा, आणि तिथून प्रत्येक ग्रॅम किती लांब आहे त्या अंतराचा वर्ग करायचा. मी रॅकेटच्या अगदी टोकाला तीन ग्रॅमची शिशाची पट्टी चिकटवली. अंतर साधारण ५८ सेंटिमीटर, म्हणजे स्विंगवेट १० ने वाढलं. साध्या रॅकेटचं स्विंगवेट ३१०-३२५ असतं. वजन एक टक्का वाढलं आणि फिरवायला ती तीन टक्के जड झाली. तेच तीन ग्रॅम मुठीच्या बुडाशी लावले तर स्विंगवेट जवळपास हलतच नाही. म्हणून '२६० ग्रॅमची हलकी' म्हणून घेतलेली रॅकेट, वजन सगळं टोकाला असेल तर, हातात मुळीच हलकी नसते. शिवाय फार हलकी रॅकेट चेंडूच्या धक्क्याने मागे रेटली जाते आणि तो धक्का हातालाच खावा लागतो. आपल्या वयाच्या, आठवड्याला एक-दोनदा खेळणाऱ्याला २८५ ते ३०० ग्रॅम, आणि तोल मुठीकडे, हे माझं मत. काकूंना २७० चालेल. फेडररच्या सहीची ३४० ग्रॅमची कुणी भिंतीवर लावायला घेत असेल तर घ्यावी.

दुसरी गोष्ट कडकपणाची. कडक फ्रेमची रॅकेट जोरकस का लागते? फ्रेम वाकली की ती सरळ होईपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो, तो तारांवर असतो फक्त पाचएक सहस्रांश सेकंद. म्हणजे वाकण्यात गेलेली ताकद वाया. कडक फ्रेम कमी वाकते, म्हणून फुकटचा जोर मिळतो. नदालमुळे आपल्या पोरांना माहीत असलेल्या बाबोलातची 'प्युअर ड्राईव्ह' ही या पठडीतली, जोर भरपूर. २०१९ मध्ये आलेली विल्सनची 'क्लॅश' दुसऱ्या टोकाला, लवचिक. योनेक्सच्या 'ईझोन' मधल्या. कुठलीच वाईट नाही. पण कडक फ्रेममध्ये कडक तारा, त्याही ताणून, हा योग कोपरासाठी साडेसातीचा.

या ड्रायमध्ये मी आणि आपल्या गटातल्या चौघांनी एक उद्योग केला. दुकानं खेळून बघायला रॅकेट देतात, त्या आणि मित्रांच्या मिळून पाच रॅकेट्स जमवल्या. माझ्या बायकोने सगळ्यांच्या नावांवर, रंगांवर काळी टेप गुंडाळली आणि १ ते ५ आकडे टाकले. मरारात दिव्यांखाली सहा शनिवार आम्ही त्यांनी खेळलो आणि प्रत्येकाने आपापलं मत कागदावर लिहिलं, एकमेकांना न दाखवता. (एक्सेल अर्थातच केलं. सवय जाते थोडीच!) यातल्या दोन रॅकेट्स एकाच मॉडेलच्या होत्या, एक नवी आवृत्ती, एक आधीची, दोन्हींत सारख्याच ताज्या तारा. त्या दोन कुणालाही वेगळ्या ओळखता आल्या नाहीत. चौथ्या शनिवारी मात्र बायकोने गुपचूप एका रॅकेटचं गटिंग बदलून आणलं होतं, आकडा तोच ठेवून. त्या दिवशी सगळ्यांनी तिच्यापुढे लिहिलं, 'ही आधी नव्हती.' एकाने तर लिहिलं, 'ही घेणार, किंमत कळवा.'

म्हणजे साडेतीनशे डॉलरची नवी आवृत्ती ओळखता आली नाही, आणि पन्नास-साठ डॉलरचं गटिंग डोळे मिटून ओळखता आलं. पाच जणांवरून सिद्धांत मांडू नये, पण यामागे शास्त्र आहे. चेंडू नियमाप्रमाणे २५४ सेंटिमीटरवरून टाकला तर १३५ ते १४७ सेंटिमीटरच उसळतो, म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त ऊर्जा तो स्वतः गिळतो. तारा मात्र मिळालेली बहुतेक ऊर्जा परत देतात. म्हणून ढिल्या जाळीत तारा जास्त दबतात, चेंडू कमी चेपतो आणि लांब जातो. ताण वाढवला की जोर कमी, हिसका जास्त. आपल्याकडे उलटं समजतात, 'घट्ट करा, फटका बसला पाहिजे!' बोर्ग लाकडी रॅकेटला ८० पौंडांच्या आसपास ताण द्यायचा, पण तो बोर्ग होता.

तारांची जात त्याहून महत्त्वाची. जुनी तात जनावरांच्या आतड्यांची. लिऑनच्या बाबोलात घराण्याने १८७५ पासून तीच केली. ती सगळ्यांत मऊ, ताण टिकवणारी, पण महाग आणि दमट हवेत फुगून उसवणारी, म्हणजे डार्विनसाठी नाही. मग नायलॉन, त्यातला अनेक बारीक धाग्यांचा मल्टिफिलामेंट हा प्रकार हाताला मऊ. आणि तिसरं पॉलिस्टर. १९९७ मध्ये गुस्ताव्हो कुएर्तेन त्याच तारांनी फ्रेंच ओपन जिंकला आणि पुढे सगळे व्यावसायिक तिकडे गेले, कारण पूर्ण ताकदीने फिरवूनही चेंडूला फिरकी बसते आणि तो कोर्टात राहतो. पण ते आठवड्याला, कधी रोज, गटिंग बदलतात. पॉलिस्टर लवकर मरतं, तुटत नाही पण त्यातला जीव जातो. आपल्यातल्या तिन्ही दुखऱ्या कोपरांच्या रॅकेट्स मी पाहिल्या. तिन्हींत पॉलिस्टर, एक तर दोन वर्षांपूर्वीचं. तारा न तोडणाऱ्याला पॉलिस्टरची गरज काय? मल्टिफिलामेंट, ५० पौंडांच्या आसपास, आणि आठवड्याला जितके वेळा खेळता तितके वेळा वर्षातून गटिंग.

तारांमध्ये ते रबरी बटण लावतात ना, त्याने आवाज बदलतो, बस. ते तारांचं कंपन थांबवतं, फ्रेमचं नाही. आगासी साधं रबरबँड लावायचा. हौस म्हणून लावा, औषध म्हणून नको.

आता आपल्या डार्विनबद्दल. इथे लोक म्हणतात, बिल्ड-अपमध्ये हवा जड होते म्हणून चेंडू जात नाही. हवा उलट थोडी हलकी होते, कारण पाण्याचा रेणू हवेच्या रेणूंहून हलका. जड होतो तो चेंडूच, त्याची लोकर ओल पिते. पुण्याहून आलेल्यांना इथे फटका आखूड वाटतो तेही खरं, पुणं ५६० मीटर उंच आणि तिथली हवा सहाएक टक्के विरळ. पण सगळ्यांत मोठा शत्रू घाम. ओली ग्रिप हातात फिरते, म्हणून आपण ती करकचून धरतो, आणि करकचून धरणारे स्नायू तेच, कोपराला चिकटलेले! दोन-तीन डॉलरची ओव्हरग्रिप बिल्ड-अपमध्ये दर वेळी नवी लावा. निळसर, कोरडी वाटणारी जी मिळते ती ओली झाल्यावर जास्त धरते, आपल्या हवेसाठी तीच बरी. मूठ किती जाड हवी? रॅकेट धरल्यावर बोटांची टोकं आणि तळवा यांत दुसऱ्या हाताचं एक बोट मावलं पाहिजे. एक ओव्हरग्रिप गुंडाळली की मूठ साधारण अर्ध्या मापाने वाढते, ते धरून चला. आणि रॅकेट गाडीच्या डिकीत ठेवू नका. इथल्या उन्हात तारांचा ताण तिथेच उतरतो.

मुलांचं राहिलं. 'वाढत्या अंगाची' रॅकेट हा आपला खास मराठी हिशेब. शाळेचा सदरा वाढत्या अंगाचा चालतो, बाही दुमडता येते. रॅकेट दुमडता येत नाही! सात वर्षांच्या मुलाला २३ इंची, नऊ-दहाला २५-२६, आणि २७ इंची त्यानंतरच. चेंडूही लाल, नारिंगी, हिरवे असे क्रमाने. २०१२ पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांत ते मऊ चेंडू जागतिक संघटनेनेच सक्तीचे केले. इव्हॉन गुलागाँग लहानपणी बॅरेलन गावात सफरचंदाच्या खोक्याच्या फळीने खेळत होत्या, पुढे १९७१ आणि १९८० मध्ये विंबल्डन जिंकल्या. ती फळी निदान त्यांच्या हाताच्या मापाची होती. २०१८ पासून आदिवासी मुलांचा राष्ट्रीय टेनिस मेळावा इथे डार्विनला भरू लागला. मेळाव्याला मुलांना घेऊन जा, केवढाल्या रॅकेट्स केवढ्या मुलांच्या हातात आहेत ते बघण्यासारखं असतं.

मागच्या टेबलावर काळ्या टेपवाल्या पाचही रॅकेट्स ठेवल्या आहेत, आणि वजनकाटा. तुम्ही आपल्या आणल्या असतील त्यांचं गटिंग कुठलं, किती जुनं, ते मी चहा होईपर्यंत बघून देतो. ज्या तिघांच्या रॅकेट्समधून पॉलिस्टर काढायचं आहे त्यांनी आजच माझ्याकडे द्याव्यात, सोमवारी गटिंगला जाणारच आहे, एकत्र टाकतो. काका, तुमची किटली मी उचलतो, तुम्ही बसा.