पहाटेची पाळी आणि डोळ्यांवरची झापड

जळगाव एमआयडीसीतले चटईचे कारखाने, धुळ्यातले यंत्रमाग, मुंबई-आग्रा महामार्गावरचे ट्रक... अनेकांचं काम रात्रभर चालतं. पण पहाटे २ ते ५ या वेळात शरीर झोप मागतंच. चहा घेतला, तोंडावर पाणी मारलं, तरी क्षणभराची डुलकी उघड्या डोळ्यांनीही लागते. ताशी ६० किलोमीटरने धावणारा ट्रक डुलकीच्या अवघ्या तीन सेकंदांत ५० मीटर पुढे गेलेला असतो! सलग १७ तास जागलेला माणूस थोडी दारू प्यायल्यासारखा मंदावतो, हे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगात दिसलं. त्यात आपल्या खानदेशातलं मे महिन्याचं ऊन. पत्र्याच्या घरात दिवसा झोप लागणार कशी? म्हणून रातपाळीवाल्याची दिवसाची झोप घरच्यांनी राखलीच पाहिजे. कारखान्यातही पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती, हे १९४८ च्या कारखाना कायद्यानेच सांगितलं. ती मालकाची मेहेरबानी नव्हे. मुकादम, सुपरवायझर बंधूंनो, डबल ड्युटी केलेल्याला मशीनवर उभं करू नका. ‘थकलो’ म्हणणाऱ्याचा खाडा मांडू नका, त्याला आधी थोडं पडू द्या.