तोलाचीही तालीम हवी



कोल्हापूर हे तालमींचे शहर. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला. १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले. आखाड्यात केवळ बळ पुरत नाही, हे येथील लहान मुलालाही ठाऊक असते. ज्याचा तोल गेला, तो पडला! हा तोल मल्लाला उपजत लाभत नाही. लाल मातीत रोज घटवून घ्यावा लागतो. हाच नियम सत्तरीतील आजी-आजोबांनाही लागू आहे.

डोळे, अंतःकर्ण आणि तळपाय व सांध्यांतील संवेदना यांच्याकडून येणाऱ्या सूचना मेंदू जुळवतो आणि स्नायू त्यानुसार शरीर सावरतात. वयोमानाने हे सारेच मंदावते. अशा वेळी घरची मंडळी मायेने म्हणतात, "आजोबा, तुम्ही उठू नका, पडाल." परंतु बसून राहिल्याने पायांतील बळ घटते, मनातील भीती वाढते आणि पडण्याचा धोका उलट बळावतो. काळजी खरी असते. उपाय मात्र चुकतो.

रंकाळ्याकाठची सकाळची फेरी उत्तमच. तथापि केवळ चालण्याने पडणे टळते, असे सिद्ध झालेले नाही. २०१९ मध्ये कॉक्रेन संस्थेने १०८ चाचण्यांतील २३ हजारांहून अधिक ज्येष्ठांच्या माहितीचा आढावा घेतला. व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले. तोल साधणाऱ्या व्यायामांचा लाभ ठळक होता. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मध्ये ६५ वर्षे व त्यावरील व्यक्तींसाठी तोल आणि बळ वाढविणारे व्यायाम आठवड्यातून किमान ३ दिवस सुचविले.

हे व्यायाम साधे आहेत. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीचा आधार घेऊन टाचा उचलाव्यात. एका पायावर १० सेकंद उभे राहावे. टाचेला पुढचे पाऊल चिकटवत भिंतीलगत चालावे. शक्यतो हात न टेकता खुर्चीवरून उठावे, बसावे. सराव होईल तसा दोन्ही हातांचा आधार एका हातावर, पुढे बोटांवर आणावा. चक्कर येत असल्यास किंवा पूर्वी पडणे झाले असल्यास प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

प्रारंभी शेजारी कुणीतरी उभे असणे आवश्यक आहे. हे काम मुला-नातवंडांचे. वस्ताद पठ्ठ्याच्या प्रत्येक पावलावर नजर ठेवतो. पडेल म्हणून त्याला आखाड्याबाहेर बसवून ठेवत नाही. घरातील वडीलधाऱ्यांच्या बाबतीतही कुटुंबाने हेच धोरण ठेवावे.